बसकीचं छप्पर

गाड्यांची तुलना करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पुण्यातल्या एका साप्ताहिकात मी दोन-तीन गाड्या एकमेकींसमोर उभ्या करते, नऊ रकाने आखते आणि प्रत्येकीला गुण देते. वेग, ब्रेक, स्टिअरिंग, बैठक, आवाज, डिकी असले ते रकाने. वाचक पत्रं लिहून भांडतात, मी उत्तरं लिहून भांडते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गेल्या जानेवारीत बारामती-इंदापूर भागात मी जे चार दिवस काढले, तसा संताप मला आधी कधी आला नव्हता. त्यातला निम्मा चुकीच्या माणसांवर निघाला, म्हणून हे सगळं लिहायलाच हवं.

सुरुवात फोनने झाली. माझा धाकटा भाऊ सुधीर पणदऱ्यात आईवडिलांजवळ राहतो, तिथल्याच शाळेत मास्तर आहे. तो म्हणाला, "अक्का, बसकी सोमवारी इंदापूरला न्यायची हाय. छप्पर कापायला. वरातीची गाडी करायची म्हणून..."

पुढे तो काहीतरी सांगत होता. मी ऐकलं नाही. "खबरदार कुणी हात लावला तर!" असं ओरडले आणि फोन पलंगावर फेकला.

ज्यांनी आमच्या भागातली लग्नं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हल्ली नवरदेव घोड्यावर बसत नाही. मंडपवाल्यांकडे जुन्या मोटारी असतात, त्यांचं छप्पर कापून टाकलेलं असतं. मागच्या सीटच्या जागी सिंहासनासारखा सोफा, दोन्ही बाजूंना चंदेरी मोर, बॉनेटवर दिव्यांच्या माळा. पुढे कानठळ्या बसवणारा बँजो आणि मागे ही उघडी गाडी, गोगलगायीच्या चालीने. आणि त्या रांगेत आता बसकी उभी राहणार होती.

बसकी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची, जपानी. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणा श्रीमंताच्या मुलाने ती परदेशातून आणवली आणि नीरेजवळ उसाच्या ट्रॉलीखाली घातली. मुलगा वाचला, गाडीचा चुराडा झाला. आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. त्यांनी तो सांगाडा भंगाराच्या भावात उचलला आणि सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी ठोकत बसले. रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा, सायलेन्सरचा पट्टा ट्रॅक्टरचा, सीटचं कापड बारामतीच्या गादीवाल्याने शिवलेलं. जमिनीला इतकी टेकलेली गाडी गावाने कधी पाहिली नव्हती, म्हणून नाव पडलं बसकी.

दर दिवाळीला आबा विचारायचे, "रंजे, आमच्या बसकीचं कवा लिवतीस?" आणि मी दर दिवाळीला हसून टाळायचे. माझ्या लेखी ती गाडी नव्हती, जुगाड होतं. आता मात्र ठरवलं, लिहायचंच. तिच्या काळातल्या तिच्या बरोबरीच्या गाडीसमोर तिला उभी करायची, खरे गुण द्यायचे, छापायचं आणि तो अंक सुधीरच्या नाकासमोर धरायचा. छापून आलेल्या गाडीवर कोण ग्राइंडर चालवतो, बघू.

शुक्रवार : पणदऱ्याच्या वाटेवर

बरोबरीची गाडी शिरीषकडे होती. शिरीष आमचा फोटोग्राफर. त्याच्याकडे त्याच काळातली जर्मन, दोन दारांची, काळी. नव्या असताना या दोघी एकमेकींच्या वैरिणी. तिसरी एक कोरियन होती, दिसायला चित्ता आणि धावायला शेळी; तिला मी मोजतच नाही. शिरीष जर्मनला बायकोपेक्षा जास्त जपतो असं त्याची बायकोच सांगते.

सासवड, जेजुरी, नीरा आणि मग पणदरे. नीरेच्या पुढचा रस्ता खरं तर डोळे निवणारा आहे. कालव्याचं पाणी, दोन्हीकडे ऊस, मधूनच तोड झालेलं उघडं रान आणि हवेत मळीचा आंबूस वास. मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं, कारण मी स्पीडब्रेकर शोधत होते. आमच्याकडे निम्मे स्पीडब्रेकर सरकार घालतच नाही, लोक घालतात. कुणाच्या म्हशीला धक्का लागला की दुसऱ्या दिवशी चार माणसं मुरूम, खडी आणि उरलंसुरलं डांबर घेऊन रस्त्यावर हजर. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. ज्याच्या दारात, त्याच्या रागाएवढा उंच.

पणदरे तीन-चार किलोमीटरवर असताना असा एक आला आणि जर्मनच्या पोटातून जो आवाज निघाला तो ऐकून शिरीषने डोळेच मिटले. सायलेन्सर निखळून लोंबत होता. बाजूच्या टपरीवरून दोघं निवांत उठून आले, जणू आमचीच वाट बघत होते.

"दोनच दारं?" एकाने गाडीभोवती चक्कर मारली. "मागच्यानं कुठनं बसायचं?"

"पुढचं सीट दुमडून, वाकून आत जायचं," शिरीष म्हणाला.

"म्हंजी शिक्षाच की."

मी उखडले. म्हटलं, असले डोंगर रस्त्यात घालता, वर पाहुण्यांची चेष्टा करता? लाज नाही वाटत? तो माणूस अजिबात रागावला नाही. उसाच्या ट्रॉलीची तार घेऊन तो जर्मनखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "तुमी पणदऱ्याच्या आबांची लेक न्हवं? आवाजावरनं वळखलं. आबा हितनं रोज बसकी काडत्यात. आदी मागं बसलेल्यास्नी उतरवत्यात, मग गाडी तिरकी घेत्यात. एक चाक आदी, मग दुसरं. तुमास्नी न्हाय शिकवलं?"

शिकवलं नव्हतं. पुण्याच्या गुळगुळीत चाचणी-रस्त्यावर ते कधी लागलंच नव्हतं. पैसे विचारले तर त्याने हात झटकले आणि चहा पाजला, त्यामुळे मला आणखीच राग आला. भांडायला आलेल्या माणसाला चहा पाजू नये.

घरी पोचले आणि चप्पल काढायच्या आत सुधीरवर तुटून पडले. रागावले की माझी भाषा पुण्यातून गावाला परत येते. "आबांनी सहा वर्सं हाडं झिजवली त्या गाडीसाठी, आन् तू ती मंडपवाल्याला देतोस? कुणाकुणाची सुपारी घेतलीस रं?"

सुधीर बिचारा तोंड उघडायचा आणि मी ते बंद करायचे. शेवटी ओट्यावर बसलेले आबाच म्हणाले, "त्याला कशापायी बोलतीस? म्याच सांगितलंय."

"तुमी? का?"

"कापायचं हाय म्हणून." एवढंच बोलून ते तंबाखू मळू लागले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हलवून हलवून जाब विचारता येत नाही, म्हणून मी आईकडे मोर्चा वळवला.

आई भाकरी थापत होती. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची घट्ट आमटी, कांदा. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली आम्ही पंगत मांडली. शिरीष मिटक्या मारत जेवत होता. मी म्हटलं, "आई, तू तरी सांग की आबांना. बसकी कापू नका म्हणावं."

"मला काय इचारतीस? म्या कदी बसलीया त्या गाडीत?"

हे खरं होतं. वीस वर्षांत आई एकदाही बसकीत बसली नव्हती. बारामतीला दवाखान्यात जायचं असलं तरी एसटीने जायची. आबा मागून बसकी घेऊन जायचे आणि स्टँडवर तिची वाट बघायचे. गावात त्यावर विनोद होते.

"का नाही बसलीस पण?"

"वाकून बसाय लागतं." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "आन् मला वाकायचं न्हाय."

मी मनात म्हटलं, हट्टी म्हातारी. आज हे वाक्य लिहिताना माझीच मला चीड येते आहे.

शनिवार : कन्हेरीकडचा रस्ता

सकाळी दोन्ही गाड्या धुतल्या आणि कन्हेरीच्या बाजूला नेल्या. एक लांब सरळ रस्ता, मग वळणं, मग उखडलेला तुकडा. तुलनेला हवं ते सगळं.

जर्मन जर्मनसारखीच वागली. इंजिन लोण्यासारखं, ब्रेक दाबला की जागच्या जागी उभी, सीट अंगाला मिठी मारणारं. बसकीत बसले आणि पहिल्या मिनिटाला चिडले. क्लच दाबायला पैलवानाची मांडी लागते. वेगाचा काटा चाळीसवर अडकलेला, गाडी उभी असली तरी चाळीस. हॉर्न ट्रकचा, त्यामुळे सायकलवाला दचकून थेट रस्त्याकडेच्या चारीत. वेग जर्मनला, ब्रेक जर्मनला, आवाज जर्मनला, बैठक जर्मनला. मी गुण लिहीत होते आणि स्वतःवर वैतागत होते. वाचवायला आले होते आणि माझीच पेन्सिल तिचा गळा कापत होती. खोटे गुण मात्र मी आबांसाठीही देणार नव्हते.

वळणांवर जरा जीव आला. बसकीचं स्टिअरिंग बोटभर फिरवलं की ती हातभर वळते, शेपूट हलवत, खोडकर वासरासारखी. तिथे जर्मन जड आणि शहाणी वाटते. तो रकाना बसकीला दिला.

मग उखडलेला रस्ता आला. अशा रस्त्यावर जुन्या गाडीचं वय बाहेर येतं. वर्षानुवर्षं धक्के खाऊन तिचा सांगाडा सैल होतो आणि ती कुरकुरते. शिरीषची जाम जपलेली जर्मन तिथे कण्हत होती, डॅशबोर्ड टकटक वाजत होता, दार चौकटीत हलत होतं. बसकी मात्र गप्प. ट्रॉलीखाली चेंगरलेली, ठोकून सरळ केलेली गाडी, आणि दगडी पाट्यासारखी एकसंध. मी तोच तुकडा तीनदा काढला. दाराच्या उंबऱ्यावर हात ठेवून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

"हे कसं शक्य आहे?" शिरीषने विचारलं.

मी त्या रकान्यात दहापैकी नऊ लिहिले. इतके मी नव्या गाड्यांनाही देत नाही. संध्याकाळी आबांना विचारलं, तर म्हणाले, "जुनं लोखंड हाय, पोरी," आणि कोंबड्या कोंडायला निघून गेले.

रविवार : इंदापूर

सोमवार उजाडायच्या आत त्या मंडपवाल्याला गाठायचं आणि त्याची खरडपट्टी काढायची, असा माझा बेत होता. शिरीषला उठवलं आणि आतल्या रस्त्याने निघालो. कळसला पाणी प्यायला थांबलो, तर शेतकरीण बाईंनी पाटीतले पेरू पुढे केले. घरी काय, रानात काय, आमच्याकडे नुसतं पाणी कुणी देत नाही. पुण्यात पाच वर्षं शेजारी राहिलेल्या बाईंच्या घरात मी अजून पाऊल टाकलेलं नाही. बाई म्हणाल्या, "कुठं निघालासा एवड्या रागात?" म्हणजे ते माझ्या तोंडावर लिहिलेलंच असावं.

इंदापूरच्या कडेला बापूंचं आवार होतं. बापू म्हणजे मंडपवाला, साठीचा, काटक, कानात भिकबाळी. आवारात वरातीच्या तीन गाड्या उन्हात उभ्या होत्या. रविवार असूनही लग्नतिथी नव्हती, म्हणून मोरांवर गोणपाट टाकलेलं. मी तक्रार करायला आले होते, पण सवय जात नाही. आधी मी गाड्या पाहिल्या.

तिन्ही एके काळच्या चांगल्या चारदारी मोटारी. छप्पर गाडीचा अर्धा जोर धरून ठेवतं हे ज्याला माहीत नाही, त्याने त्या कापल्या होत्या. छप्पर गेल्यावर मधोमध खचून त्यांची जुनी बाज झाली होती. दारं मिटत नव्हती, दोरीने बांधली होती. एकीच्या तर दाराच्या फटीतून माझा पंजा आत गेला.

"हे असं करणार तुमी आमच्या बसकीचं?" मी बापूंवर कडाडले. "माणसं बसतात यात! नवरानवरी बसतात! मध्येच मोडली म्हणजे?"

बापूंनी ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे सरकवली. "ताई, तुमचे आबाबी ह्येच बोलले. ह्याच जागी, ह्याच आवाजात. मागच्या साली आले, ह्या गाड्या बगितल्या आन् मला शिव्या घातल्या. म्हणले, आदी खालनं कणा घालीन, मगच वरनं छप्पर काडीन. तवापासनं खालनं लोखंडी चॅनल मारत्यात गाडीला. तीनदा मीच इचारलं, आबा, आता कापू का? तर म्हणले, अजून न्हाय."

"आणि विकत कितीला घेताय?"

"कोण इकतंय? गाडी त्यांचीच. वरातीला भाड्यानंबी द्यायची न्हाय म्हणले. माजा फकस्त ग्राइंडर."

माझ्या रागाच्या पायाखालची जमीनच सरकली. राग मात्र तसाच राहिला, आता त्याला उभं राहायला जागा नव्हती एवढंच. बापूंनी मग भिगवणच्या माशांचं जेवण घातलं, तिखट लालभडक कालवण आणि भात. शिरीषने तीनदा घेतलं. मी भात चिवडत बसले.

परत आल्या आल्या मी अंगणात चटई टाकून बसकीच्या खाली शिरले. दोन्ही उंबऱ्यांखालून पुढून मागपर्यंत जाड लोखंडी चॅनल गेले होते. उसाच्या ट्रॉलीला लावतात तसले. मध्ये आडव्या पट्ट्या, प्रत्येक जोडावर आबांचं ते मुंगीच्या रांगेसारखं सरळ वेल्डिंग. मी ज्याला नऊ गुण दिले होते ते हे. या वयात वर्षभर जमिनीवर पडून आबांनी हे केलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला का सांगितलं न्हाय?" मी बाहेर येऊन ओरडले.

"सांगत हुतो, अक्का," सुधीर म्हणाला. "तू फोन फेकलास."

आबा बसकीच्या बॉनेटला टेकून बसले. आई घरात होती. ती ऐकेल न ऐकेल अशा आवाजात ते बोलू लागले, आणि मी माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा ऐकली.

"आमचं लगीन तुज्या आईच्या गावात झालं. लगीन लागलं, वरात निगायची. तर गावातली चार माणसं आली. म्हणाली, तुमची वरात म्होरल्या रस्त्यानं न्यायची न्हाय, ओढ्याकडनं न्या. तुज्या आईचा बाप हात जोडून हुबा. लई येळ बोलणी झाली. शेवटाला तोड काय निगाली, तर म्होरल्या रस्त्यानं जावा, पर दिसू नगा. ट्रक हुता. आमा दोगास्नी हौद्यात बसवलं, वरनं ताडपत्री वडली आन् सांगितलं, गाव सरंस्तवर वाकून बसा."

"आन् तुमी बसलात?"

"एकवीस वर्साचा हुतो, रंजे. बसलो."

मी चटई ओढून त्यांच्यासमोर बसले.

"ही गाडी तयार झाली तवा म्या तिला म्हणलं, चल, तुला त्याच गावातनं लाल मोटारीतनं नेतो. ती दारापतुर आली. आत डोकावली. म्हणाली, हितंबी वाकायचंच हाय व्हय? आन् मागं फिरली. मला वाटलं, गुडघं दुखत असत्याल. माजी अक्कल बग. मागच्या साली हितनं एक वरात गेली, उगड्या गाडीतनं. नवरी ताठ हुबी, हात हलवत हुती. तुजी आई वट्यावरनं बगत हुती. वरात लांब गेली, तरी बगत हुती. तवा मला कळलं."

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आता तिथे तसं काही उरलेलं नाही, असं सुधीर म्हणतो. उरलं असतं तर नाव लिहिलं असतं, जाड अक्षरांत. त्या चार माणसांतलं आता कुणी हयात नाही म्हणे. याचाही मला राग आला. मला त्यांच्याशी बोलायचं होतं.

आणि माझे नऊ रकाने! इतकी वर्षं मी गाडीत बसणाऱ्याला बाहेरचं किती दिसतं ते मोजत आले. बाहेरच्याला आतला माणूस दिसतो का, हे विचारायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि आत शिरताना कुणाला किती वाकावं लागतं, हेही.

सोमवार : इंदापूर आणि परत

आबा आणि मी बसकीतून निघालो, मागे शिरीष जर्मनमधून. आई आणि सुधीर एसटीने आले, कारण जर्मनमध्ये शिरायलाही वाकावंच लागतं. आईने जरीकाठाचं हिरवं पातळ नेसलं होतं.

बापूंनी खडू घेऊन छपरावर रेघ मारायला सुरुवात केली आणि मी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. पुढच्या काचेची चौकट शाबूत राहिलीच पाहिजे, मागचे खांब इथे कापायचे, इथून एक बोटही पुढे नाही. रेघ मी मारली. जी वाचवायला पुण्याहून आले होते तिच्यावर. बॅटरी सोडवली, काचा काढल्या, ओल्या गोणपाटाने सीटं झाकली. आबा माझ्यामागे उभे राहून प्रत्येक खुणेवर टेप लावून बघत होते. एकदा म्हणाले, "हितं सूतभर वाकडी हाय." होती.

ग्राइंडर लागला. ठिणग्यांचा पाऊस आणि जळक्या रंगाचा वास. दुपार कलायला छप्पर सुटलं. चौघांनी उचललं, तर वाटलं होतं त्याहून कितीतरी हलकं. बापू म्हणाले, "ह्येचं काय करू?"

"खुराड्यावर टाका," आई म्हणाली. "कोंबड्या भिजत्यात."

कापलेल्या कडेवर बापूंनी नळी वेल्ड केली, कानशीने धार मोडली. त्यांना फार वाटत होतं की सोफा आणि निदान एक मोर तरी बसवावा. आबांनी नकार दिला. मागचं सीटच लाकडी ठोकळ्यांवर वीतभर वर घेतलं, बस. मी दोन्ही दारं उघडून मिटून पाहिली. खट् आवाज करत मिटली, फट नाही. तुलनेत शेजारच्या तिन्ही गाड्या उभ्याउभ्या हरल्या.

"बस," आबा आईला म्हणाले.

पुढचं सीट मी दुमडलं. आईने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, उंबऱ्यावर पाय दिला आणि सरळ आत उतरली, पाण्यात उतरावं तशी, मान वर ठेवून. मग आबा गेले आणि तिच्या शेजारी बसले. गाडी मी घेतली, कारण नवरदेवाने वरातीत गाडी चालवायची नसते.

मागे जर्मनमधून शिरीष आणि सुधीर. आईच्या त्या माहेरगावात शिरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. चांगला रुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानं, बँक, मोबाईलवाला. बरोबर मधोमध, हॉटेलच्या समोर, एक राक्षसी स्पीडब्रेकर.

मी थांबवली. "आई, दोन मिनिटं उतरा दोघं. पोट घासेल."

"न्हाय उतरणार."

"अगं, मागची माणसं उतरवल्याशिवाय..."

"रंजे, हितं म्या उतरणार न्हाय."

मी स्टिअरिंग फिरवलं, तिरकी घेतली. एक चाक आधी, मग दुसरं. पोट टेकलं आणि आबांच्या चॅनलने दगडावर असा काही खर्रर्र आवाज केला की हॉटेलातली सगळी गिऱ्हाईकं बाहेर आली. दुकानांतून माणसं डोकावली. गॅलरीत बायका आल्या. गाडी मोडली नाही, वाकली नाही. घासत, खरडत पलीकडे उतरली आणि बरोबर हॉटेलच्या दारात उभी राहिली.

चहाचा कप हातात धरलेले एक म्हातारे पुढे आले. माझ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या त्या दोघांकडे. चांगल्या मनाने, हसून विचारलं, "कुणाचं लगीन म्हणायचं, मावशी?"

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माजं," ती म्हणाली.

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. त्या काळात आपल्या बरोबरीच्यांना वळणावर मागे टाकणारी ती मोटार माणसाच्या चालीने चालत राहिली. बँक गेली, शाळा गेली, पाण्याची टाकी गेली. मी आरशात बघत होते. आई कुणाला हात करत नव्हती, हसत नव्हती. फक्त ताठ बसली होती आणि दोन्ही बाजूंची घरं एकेक करून बघत होती. आबांनी तिचा हात धरला होता आणि मान खाली घातली होती. तिने दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी वर केली.

शेवटचं घर मागे पडलं. गाव संपल्याची पाटी गेली. पुढे दोन्हीकडे ऊस आणि मोकळा रस्ता.

आई पुढे झुकली आणि माझ्या खांद्यावर टकटक केली.

"आता पळव," ती म्हणाली. "बगू कशी पळतीया ती."